हॉस्पिटलनं खर्च वाचवला, मग नर्स का निघून गेल्या? समजून घ्या कॅनडातल्या एका फसलेल्या हिशोबाची गोष्ट

४ ऑक्टोबर १९९८. रविवारची सकाळ. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या कॅल्गरी शहरात लोक मोक्याच्या जागा पकडून उभे होते. बघायचं काय होतं, तर एक हॉस्पिटल पडताना. स्फोटकं उडाली, धुळीचा लोट उठला आणि कॅल्गरी जनरल हॉस्पिटलच्या इमारती काही सेकंदांत जमीनदोस्त झाल्या.

१८९० मध्ये सुरू झालेलं हे हॉस्पिटल कुठल्या युद्धात किंवा भूकंपात पडलं नव्हतं. सरकारनं खर्च कमी करायचं ठरवलं होतं, खाटा जास्त आहेत असं हिशोबात दिसलं होतं आणि त्या हिशोबात हे हॉस्पिटल बसत नव्हतं. त्याआधीच ते बंद झालं होतं, आता इमारतीही गेल्या.

इमारत पडली की ती सगळ्यांना दिसते. पण त्याच काळात जी हॉस्पिटल्स उभी राहिली, तिथल्या वॉर्डांमध्येही काहीतरी ढासळत होतं आणि ते कुणाला दिसत नव्हतं. ज्यांच्या नोकऱ्या वाचल्या होत्या अशा नर्स कामाला कंटाळत होत्या, आजारी पडत होत्या, नोकऱ्या सोडत होत्या. काही वर्षांतच तिथल्या सरकारांवर म्हणायची वेळ आली, “नर्स मिळत नाहीत.”

हे वाक्य आपल्याकडेही सारखं ऐकू येतं. त्यामुळं खर्च कमी करायला काढलेली पुनर्रचना शेवटी नर्सच्या टंचाईपर्यंत कशी पोहोचते, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी हे बघू, हॉस्पिटलची पुनर्रचना म्हणजे काय?

पुनर्रचना, म्हणजे रिस्ट्रक्चरिंग, हा शब्द ऐकायला चकचकीत आहे. प्रत्यक्षात त्यात सहा-सात गोष्टी येतात. दोन-तीन हॉस्पिटल्स एकत्र करणं. काही बंद करणं. खाटा कमी करणं. पेशंटना लवकर घरी सोडणं. नर्सची काही कामं कमी प्रशिक्षण असलेल्या मदतनीसांना देणं. मधल्या फळीतले अधिकारी कमी करणं. आणि कायमस्वरूपी नोकऱ्यांच्या जागी अर्धवेळ, रोजावरच्या किंवा कंत्राटी नोकऱ्या आणणं.

१९९० च्या दशकात ही लाट उत्तर अमेरिकेत आली. त्याला कारणंही होती. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विमा योजनेनं १९८३ पासून हॉस्पिटलला पैसे देण्याची पद्धतच बदलली. पेशंट किती दिवस राहिला यावर बिल ठरायचं बंद झालं. त्याऐवजी आजार कोणता यावर एक ठरावीक रक्कम मिळू लागली. म्हणजे पेशंट पाच दिवसांत घरी गेला तर हॉस्पिटलचा फायदा, दहा दिवस राहिला तर तोटा. पुढं खासगी विमा कंपन्यांनीही खर्चावर लगाम आवळला.

त्यातच १९९३ मध्ये मायकल हॅमर आणि जेम्स चँपी यांचं ‘रिइंजिनिअरिंग द कॉर्पोरेशन’ हे पुस्तक आलं. कंपनीची कामाची पद्धत मुळापासून नव्यानं मांडा, असा त्याचा सूर होता. पुस्तक तुफान खपलं. सल्लागार कंपन्या हेच सूत्र घेऊन हॉस्पिटलमध्ये शिरल्या. हॉस्पिटलच्या खर्चातला मोठा हिस्सा पगारांचा असतो आणि पगार घेणाऱ्यांत सगळ्यात मोठा गट नर्सचा. त्यामुळं कात्री कुठं लागणार, हे उघड होतं.

कॅनडात नेमकं काय झालं?

कॅनडात हॉस्पिटलचा खर्च मुख्यतः सरकार करतं. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारांवर कर्जाचा डोंगर होता.

अल्बर्टात राल्फ क्लाइन मुख्यमंत्रीपदी आले आणि त्यांनी तूट संपवण्याचा चंगच बांधला. १९९४ मध्ये प्रांतातली सुमारे २०० स्थानिक हॉस्पिटल मंडळं आणि आरोग्य मंडळं मोडून फक्त १७ प्रादेशिक प्राधिकरणं बनवण्यात आली. सरकारी सेवेतल्यांच्या पगारात ५ टक्के कपात झाली. एकट्या कॅल्गरीत शहराच्या मध्यभागातली हॉस्पिटल्स एकामागोमाग बंद झाली. कॅल्गरी जनरल त्यातलंच एक.

ओंटारिओ प्रांतात माइक हॅरिस यांचं सरकार १९९५ मध्ये आलं. पुढच्याच वर्षी त्यांनी हॉस्पिटलच्या पुनर्रचनेसाठी एक आयोग नेमला. त्याच्या हातात नुसता सल्ला देण्याचा नाही, तर हॉस्पिटल बंद करण्याचे आणि विलीन करण्याचे आदेश काढण्याचाही अधिकार होता. हजारो नर्सच्या नोकऱ्या गेल्या.

१९९७ मध्ये हॅरिस यांनी या नर्सची तुलना हुला हूप बनवणाऱ्या कामगारांशी केली. हुला हूप म्हणजे कमरेभोवती फिरवायची प्लॅस्टिकची कडी. एके काळी त्याचं वेड होतं, मग फॅशन गेली, कारखान्यांना दुसरं काहीतरी बनवावं लागलं. हेही तसंच, असा त्यांचा मुद्दा होता. नर्सना हे इतकं झोंबलं की कित्येक वर्षं त्या हे बोलणं विसरल्या नाहीत.

त्यातला अपमान बाजूला ठेवला, तरी हिशोबाची एक मोठी चूक उरतेच. हुला हूपची मागणी संपली होती. आजारी माणसांची मागणी संपली नव्हती.

नोकरी वाचली, मग नाराजी कसली?

सगळ्यांना वाटलं होतं की त्रास होईल तो नोकरी गेलेल्यांना. ज्यांची वाचली, त्या सुटकेचा निःश्वास टाकतील आणि कामाला लागतील.

तसं झालं नाही. अल्बर्टातल्या ग्रेटा कमिंग्ज आणि कॅरोल एस्टाब्रुक्स या दोन संशोधकांनी २००३ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. प्रश्न एकच होता. कपात होऊनही ज्या नर्स नोकरीत राहिल्या, त्यांचं काय झालं? उत्तर सरळ होतं. कामातलं समाधान घटलं. आपण चांगली सेवा देऊ शकतो, हा विश्वास घटला. तब्येतीवर आणि मनावर परिणाम झाला. टीम विस्कटल्या. आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण वाढलं.

असं का झालं, हे कळण्यासाठी वॉर्डात काय बदललं ते बघावं लागतं.

पहिला बदल म्हणजे ‘बंपिंग’. कॅनडात नर्सच्या युनियन मजबूत आहेत आणि सेवाज्येष्ठतेला मोठी किंमत आहे. एखादा वॉर्ड बंद झाला की तिथली सीनिअर नर्स दुसऱ्या वॉर्डातल्या ज्युनिअर नर्सची जागा घेऊ शकायची. ती ज्युनिअर मग तिच्याहून ज्युनिअर असलेलीला हलवायची. एक वॉर्ड बंद झाला की पत्त्यांच्या बंगल्यासारखे चार-पाच वॉर्ड हलायचे.

कागदावर हा नियम न्याय्य होता. पण समजा, एखादी नर्स पंधरा वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात आहे. बाळाचं रडणं ऐकून तिला दुखणं कळतं. तिला एका सोमवारी सांगितलं की उद्यापासून हाडांच्या वॉर्डात जायचं. नोकरी तीच, पगार तोच. पण जे काम तिला हातखंडा येत होतं, ते गेलं. जिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकायचा ती जोडीदारीण गेली. आता ती नव्या वॉर्डात नवशिकी आहे आणि तिथल्या लोकांच्या नजरेत आपल्या मैत्रिणीची जागा घेणारी आहे.

याची दुसरी बाजू तरुण नर्सची. ज्येष्ठतेच्या नियमात सगळ्यात खाली त्याच होत्या, म्हणून सगळ्यात आधी त्या बाहेर पडल्या. नव्यानं शिकून आलेल्यांना पूर्णवेळ नोकरीच मिळेना. नर्सिंगला जाण्याकडे मुलींचा ओढा कमी झाला. वॉर्डातल्या नर्सचं सरासरी वय वाढत गेलं. म्हणजे पुढं एकाच वेळी मोठ्या संख्येनं निवृत्ती येणार, हे तेव्हाच ठरून गेलं.

दुसरा बदल वरच्या फळीत झाला. खर्च कमी करताना मधले अधिकारी कापणं सोपं असतं. अनेक हॉस्पिटल्सनी स्वतंत्र नर्सिंग विभागच मोडून टाकले. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयातली रचना डोळ्यासमोर आणा. वॉर्डाला परिसेविका, तिच्या वर अधिसेविका म्हणजे मेट्रन. कुणाची तक्रार असो, सुट्टी असो, डॉक्टरशी खटका उडालेला असो, नर्सला जायला एक दार असतं. तिकडं ते दारच निघालं. एकेका मॅनेजरच्या हाताखाली कित्येक वॉर्ड आले. ती मॅनेजर दिवसभर मीटिंगमध्ये. अनेक नर्सना आपली वरिष्ठ आठवड्यात एकदाही दिसेनाशी झाली.

तिसरा बदल नोकरीच्या स्वरूपात झाला. पूर्णवेळ जागा घटल्या, अर्धवेळ आणि बोलावलं तर यायचं अशा जागा वाढल्या. पोट भरायला नर्स दोन-दोन, तीन-तीन हॉस्पिटल्समध्ये काम करू लागल्या. कुठंच आपली टीम नाही, कुठंच आपला वॉर्ड नाही.

ओंटारिओतल्या संशोधक हेदर लॅशिंगर यांनी याच काळात नर्सच्या कामाच्या जागांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांच्या संशोधनाचं सार असं की नर्सचं समाधान फक्त पगारावर ठरत नाही. कामासाठी लागणारी माहिती, साधनं आणि पाठबळ मिळतं का, शिकायची संधी आहे का, निर्णयात आपलं ऐकलं जातं का, यावर ते ठरतं. पुनर्रचनेत नेमक्या याच गोष्टी आधी जातात. मग वरिष्ठांवरचा विश्वास जातो. आणि विश्वास गेला की माणूस जायला वेळ लागत नाही.

खाटा कमी झाल्या, मग काम वाढलं कसं?

हा प्रश्न त्या वेळी अनेक अधिकाऱ्यांनाही पडायचा. खाटा कमी, पेशंट कमी, मग नर्सची कुरकुर कशाला?

उत्तर साध्या हिशोबात आहे. समजा, एका ऑपरेशननंतर पेशंट पूर्वी दहा दिवस राहायचा. पहिले तीन-चार दिवस नर्सची धावपळ असायची. दर काही वेळानं बीपी, सलाईन, दुखणं कमी करायची औषधं, जखमेकडे लक्ष. पुढचे सहा दिवस पेशंट स्वतः उठून बसायचा, जेवायचा, शेजारच्याशी गप्पा मारायचा. वॉर्डात नेहमीच असे निम्मे पेशंट बरे होत आलेले असायचे. नर्सला त्यांच्यामुळं श्वास घ्यायला जागा मिळायची.

आता पेशंट चौथ्या दिवशी घरी जातो. बरे होत आलेले पेशंट वॉर्डात उरलेच नाहीत. प्रत्येक खाटेवर अवघड दिवसांतला पेशंट. शिवाय एका खाटेवर दहा दिवसांत एकाऐवजी अडीच पेशंट. म्हणजे अडीच पट भरती, अडीच पट डिस्चार्ज, अडीच पट कागद. घरी जाताना नातेवाइकांना समजावून सांगणंही तेवढंच वाढलं.

खाटांच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. “एका नर्समागे पूर्वी इतक्याच खाटा होत्या” हे वाक्य खरं असूनही खोटं ठरतं, ते असं.

त्यात आणखी एक गंमत झाली. मदतनीस आणून नर्सचा भार हलका करायचा, असं सांगितलं गेलं होतं. पण खर्च कापताना सफाई, जेवण, पेशंटची ने-आण करणारे कर्मचारीही कमी झाले. मग ती कामं कुणी केली? नर्सनीच. १९९८-९९ मध्ये अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, स्कॉटलंड आणि जर्मनी या पाच ठिकाणच्या ७०० हून अधिक हॉस्पिटल्समधल्या ४३ हजारांहून अधिक नर्सची पाहणी झाली. अमेरिकेतल्या अनेक नर्सनी सांगितलं की जेवणाचे ट्रे पोहोचवणं आणि साफसफाई करणं हे आमच्या पाळीचा भाग झालंय. त्याच वेळी जवळपास ४० टक्के नर्सनी सांगितलं की पेशंटशी बोलणं, त्याला धीर देणं राहून गेलं.

ज्या कामासाठी या पेशात आलो तेच राहून जातं आणि ट्रे मात्र उचलावे लागतात, ही भावना पगारवाढीनं भरून निघत नाही. या पाहणीत अमेरिकेतल्या ४० टक्क्यांहून जास्त नर्स कामावर असमाधानी होत्या. त्या लाटेनं फारशी न झोडपलेल्या जर्मनीत हे प्रमाण १७ टक्के होतं.

याचा पेशंटशी काय संबंध?

नर्सची नाराजी हा त्यांचा खासगी प्रश्न आहे, असं बराच काळ मानलं गेलं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीनंही अहवाल दिला तेव्हा पुनर्रचनेमुळं उपचारांचा दर्जा घसरल्याचा पुरेसा पुरावा तिच्यापुढं नव्हता. मोजणारंच कुणी नव्हतं.

मोजून दाखवलं पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या लिंडा एकिन यांनी. २००२ मध्ये त्यांच्या टीमचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पेनसिल्वेनियातली १६८ हॉस्पिटल्स, १० हजारांहून जास्त नर्स आणि शस्त्रक्रिया झालेले २ लाख ३२ हजार पेशंट. निष्कर्ष असा होता की एका नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला, की त्या हॉस्पिटलमध्ये ३० दिवसांच्या आत पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसते. त्याच एका पेशंटमागे नर्स पार थकून जाण्याची, म्हणजे बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी आणि कामावर असमाधानी असण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढते.

याच अभ्यासातला एक आकडा थेट आपल्या विषयाचा आहे. ज्या नर्स थकलेल्या आणि असमाधानी होत्या, त्यांच्यातल्या ४३ टक्के जणी वर्षभरात ही नोकरी सोडायच्या विचारात होत्या. ज्या थकलेल्या नव्हत्या आणि समाधानी होत्या, त्यांच्यात हे प्रमाण फक्त ११ टक्के होतं.

आता हे चक्र बघा. कपात होते, उरलेल्यांवर भार वाढतो, त्यातल्या काही जातात, उरलेल्यांवर आणखी भार पडतो, मग आणखी काही जातात. पहिली कपात हॉस्पिटलनं केलेली असते. पुढची आपोआप होत राहते.

बिल आलं २००३ मध्ये

ओंटारिओतून बाहेर पडलेल्या कित्येक नर्स अमेरिकेत गेल्या होत्या. तिथल्या नर्सच्या संघटनेनं त्यांना विचारलं, का गेलात? सगळ्यात ठळक कारण समोर आलं ते पूर्णवेळ काम न मिळण्याचं. म्हणजे सरकारी पैशानं शिकवलेल्या नर्स सीमेपलीकडं आणि इथं नर्सची टंचाई.

२००३ मध्ये टोरांटोत सार्सची साथ आली. तेव्हा एक भलतीच अडचण उभी राहिली. अर्धवेळ नोकऱ्यांमुळं अनेक नर्स एकाहून जास्त हॉस्पिटल्समध्ये काम करत होत्या. संसर्ग पसरू नये म्हणून त्यांना एकाच ठिकाणी काम करा, असं सांगणं भाग पडलं. तसं केलं की दुसऱ्या हॉस्पिटलची पाळी रिकामी. साथीत कॅनडातले ४४ जण दगावले. त्यात दोन नर्स होत्या.

खर्च वाचवण्यासाठी जी लवचिकता आणली होती, ती संकटात अडचण ठरली. त्यानंतर ओंटारिओत किमान ७० टक्के नर्स पूर्णवेळ असाव्यात, या मागणीनं जोर धरला आणि सरकारनंही ते ध्येय मान्य केलं. आधी पैसे देऊन ज्यांना घरी पाठवलं, त्यांनाच परत आणायला पुन्हा पैसे खर्च करावे लागले.

मग नर्स टिकतात कुठं?

याचं उत्तरही याच काळातल्या अभ्यासांत सापडतं. तीन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात.

पहिली, नर्सचं ऐकणारं हॉस्पिटल. १९८० च्या दशकात अमेरिकेत नर्सची टंचाई असताना काही हॉस्पिटल्समध्ये मात्र नर्स टिकून होत्या. १९८३ मध्ये अशी ४१ हॉस्पिटल्स निवडून बघितलं गेलं की इथं वेगळं काय आहे. लोहचुंबकासारखं धरून ठेवतात म्हणून त्यांना ‘मॅग्नेट’ हॉस्पिटल्स म्हटलं गेलं. तिथं नर्सिंगची प्रमुख व्यक्ती वरच्या निर्णयमंडळात होती. वॉर्डाच्या कामाचे निर्णय नर्स घेत होत्या. डॉक्टरांशी संबंध बरोबरीचे होते. पुढं यातूनच मानांकनाची पद्धत सुरू झाली.

दुसरी, भाराला कायद्याची मर्यादा. कॅलिफोर्नियानं १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट असावेत, हे ठरवून दिलं. सर्वसाधारण वॉर्डात आधी ६, मग २००५ पासून ५. अतिदक्षता विभागात २. गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी पाचची मर्यादा पुढं ढकलायचा प्रयत्न केला, नर्स रस्त्यावर उतरल्या आणि कोर्टानं नर्सच्या बाजूनं निकाल दिला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातही १९९० च्या दशकातल्या कपातीनंतर २००० मध्ये असं प्रमाण लागू झालं. तिथं सोडून गेलेल्या नर्स सरकारी सेवेत परत येऊ लागल्या. त्या आधीही होत्याच, फक्त त्या परिस्थितीत काम करायला तयार नव्हत्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे. कमिंग्ज यांनी अल्बर्टातल्या ६,५२६ नर्सची माहिती तपासली. पुनर्रचना सगळ्यांच्याच वाट्याला आली होती. पण ज्यांची वरिष्ठ समजून घेणारी, ऐकून घेणारी होती, त्या नर्स कमी थकलेल्या होत्या, कामावर जास्त समाधानी होत्या आणि त्यांच्या पेशंटची राहून गेलेली कामंही कमी होती. कपातीत जी मधली फळी ‘जास्तीची’ म्हणून कापली जाते, तीच धक्का झेलत असते, असा याचा अर्थ.

पण हॉस्पिटलनं बदलायचंच नाही का?

असं नाही. जुनी व्यवस्था जशीच्या तशी ठेवणंही शक्य नव्हतं. सरकारांवरचं कर्ज खरं होतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांमुळं पेशंट खरोखरच लवकर घरी जाऊ शकत होते. आठवडाभर उगाच हॉस्पिटलमध्ये राहणं पेशंटच्याही हिताचं नसतं. काही ठिकाणी शेजारशेजारची दोन हॉस्पिटल्स तीच सेवा देत होती.

प्रमाण ठरवून देणाऱ्या कायद्यांवरही आक्षेप आहेत. हॉस्पिटल्स म्हणतात की पेशंटची अवस्था तासातासाला बदलते, आकडा मात्र तोच राहतो. नर्स जेवायला गेली तरी प्रमाण मोडतं. खर्चही वाढतो.

खर्चाच्या मुद्द्याला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यानं उत्तर दिलंय. तिथं २०१६ मध्ये काही सरकारी हॉस्पिटल्समध्ये दिवसा एका नर्समागे ४ आणि रात्री ७ पेशंट, असं सरासरी प्रमाण लागू झालं. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की पेशंट पुन्हा भरती होण्याचं प्रमाण आणि राहण्याचे दिवस कमी झाल्यानं जेवढे पैसे वाचले, ते जादा नर्सवर झालेल्या खर्चाच्या दुपटीहून जास्त होते.

म्हणजे पुनर्रचना करायची की नाही, हा वादच नाही. नर्सचा पगार खर्चाच्या रकान्यात दिसतो. नर्स गेल्यावर होणारं नुकसान कुठल्याच रकान्यात नसतं. वाद या अर्धवट हिशोबाचा आहे.

हे सगळं महाराष्ट्रात का वाचायचं?

कारण इथं इमारती पडत नसल्या, तरी नोकरीचं स्वरूप बदलतंय. मे २०२२ च्या अखेरीस राज्यातल्या सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका संपावर गेल्या. मुख्य मुद्दा होता खासगी संस्थेमार्फत कंत्राटी भरती करण्याचा. जुलै २०२५ मध्ये पुन्हा आंदोलन झालं तेव्हाही कंत्राटी भरतीला विरोध हा मागण्यांमध्ये होताच. “पगारासाठी संप” अशा एका ओळीत बातमी संपते. पण टोरांटोचं उदाहरण माहीत असेल तर कळतं की कायम की कंत्राटी, हा प्रश्न फक्त पगाराचा नाही. तो टीमचा आणि अनुभवाचाही आहे. वॉर्डात उद्या कोण असेल, हे त्यावर ठरतं.

भाराचंही तसंच. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिकवणी रुग्णालयात ३ पेशंटमागे एक आणि साध्या रुग्णालयात ५ पेशंटमागे एक नर्स असायला हवी, शिवाय सुट्ट्यांसाठी ३० टक्के जादा. आपल्या ओळखीतलं कुणी सरकारी रुग्णालयात भरती असेल तर रात्रपाळीला वॉर्डात किती खाटा आणि किती सिस्टर आहेत, हे एकदा मोजून बघता येईल.

खासगी रुग्णालयांनी नर्स टिकवायचा एक वेगळाच मार्ग काढला होता. बाँड लिहून घ्यायचा, मूळ प्रमाणपत्रं ताब्यात ठेवायची. २०११-१२ च्या सुमारास दिल्ली, मुंबई, केरळमध्ये याविरुद्ध नर्स रस्त्यावर आल्या. कागदं अडकवून ठेवली की माणूस अडकतो, टिकत नाही. बाँड संपला की तो पहिल्या संधीला आखाती देश किंवा ब्रिटनची वाट धरतो.

आणि त्या देशांनाही नर्स हव्याच आहेत. कॅनडासकट ज्या देशांनी कधीकाळी आपल्या नर्स गमावल्या, ते आज जगभरातून, भारतातूनही नर्स घेतात. त्यामुळं “नर्स मिळत नाहीत” असं कुणी म्हटलं की दोन प्रश्न विचारायला हवेत. शिकून तयार झालेल्या नर्स गेल्या कुठं? आणि त्या परत याव्यात, असं आपल्या वॉर्डात काय आहे?